फोंड्यात 77, प्रियोळात 213: तिसऱ्याला दिलेलं मत खरंच वाया जातं का?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका तरुणीने मला विचारलं आहे: "2022 मध्ये मी पहिल्यांदा मत दिलं. मला पटलेला उमेदवार तिसरा आला. घरचे म्हणाले, मत फुकट घालवलंस, तुझ्यासारख्यांमुळेच नको तो निवडून आला. अमेरिकेतला माझा मावसभाऊ सांगतो, तिथंही हेच, दोघांतून एक निवडा नाहीतर घरी बसा. पुढच्या वेळी मी 'नोटा' दाबू का? की आपल्याकडे मतदानाची वेगळी पद्धत येऊ शकते? तुम्ही एवढ्या निवडणुका घेतल्या आहेत, म्हणून विचारते."

मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून सुरुवात केली आणि शेवटच्या दोन निवडणुकांना सहायक निवडणूक निर्णय अधिकारी होतो. नोकरीत असताना या विषयावर तोंड उघडता येत नव्हतं, आणि ते योग्यच होतं. आता उघडता येतं. हा प्रश्न मी मतमोजणीच्या टेबलांवर इतक्या चेहऱ्यांवर वाचला आहे की उत्तर थोडं लांबणार.

सुरुवात तुमच्याच तालुक्यापासून करू. 2022 च्या विधानसभा निवडणुकीत फोंडा मतदारसंघात भाजपचे रवी नाईक महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे मगोच्या, केतन भाटीकरांपेक्षा 77 मतांनी पुढे राहिले. प्रियोळात भाजपच्या गोविंद गावडेंनी मगोच्या दीपक ढवळीकरांना 213 मतांनी हरवलं. शिरोड्यात भाजपचे सुभाष शिरोडकर आले, मडकईत मगोचे सुदिन ढवळीकर मोठ्या फरकाने आले. तालुक्याचा निकाल: भाजप तीन, मगो एक.

आता कागद-पेन्सिल घ्या. फोंड्यात 39 आणि प्रियोळात 107 माणसांनी भाजपऐवजी मगोचं बटण दाबलं असतं, तर निकाल उलटा लागला असता: मगो तीन, भाजप एक. म्हणजे 146 माणसं. तालुक्यात लाखभराच्या आसपास मतदान होतं. या लाखाचं एकूण मत दोन्ही वेळा जवळपास तेच, आमदारांचा हिशेब मात्र संपूर्ण उलटा. तेव्हा घरच्यांना सांगा, दोष तुमच्या मताचा नाही. ज्या मोजणीत 39 माणसं एका बाजूची सगळी मतं शून्यावर आणू शकतात, ती मोजणीच तशी आहे.

आपली पद्धत सोपी आहे. एका मतदारसंघाला एक आमदार. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो आमदार. निम्मी मतं मिळालीच पाहिजेत अशी अट नाही. त्याच वर्षी नावेलीत लढत इतकी फाटली होती की पाच हजारांच्या थोडी वर मतं घेऊन, म्हणजे झालेल्या मतदानाच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर, भाजपचे उल्हास तुयेकर तृणमूलच्या वालंका आलेमाव यांच्या 430 मतांनी पुढे गेले. चारांतल्या तिघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. कायद्याने हा निकाल शंभर टक्के खरा आहे आणि जिंकणाऱ्याने काही गैर केलेलं नाही. पण त्या तिघांच्या मतांची नोंद निकालपत्राच्या पलीकडे कुठंच उरत नाही.

आता राज्याकडे बघा. 2022 मध्ये भाजपला 33.31 टक्के मतं आणि 20 जागा. काँग्रेसला 23.46 टक्के आणि 11. रिव्होल्युशनरी गोवन्सला (आरजी) 9.45 टक्के आणि एकच जागा, सांत आंद्रेची, तीही 76 मतांनी. मगोला 7.60 टक्के आणि दोन, आम आदमी पक्षाला ('आप') 6.77 टक्के आणि दोन. तृणमूलला 5.21 टक्के, जागा शून्य. गोवा फॉरवर्डला 1.84 टक्के आणि फातोर्ड्याची एक जागा.

हे आकडे घाईने वाचू नका. आरजीच्या मतांच्या पाचव्या हिश्श्याएवढीही मतं गोवा फॉरवर्डला नाहीत, पण दोघांच्या जागा सारख्या. तृणमूलला गोवा फॉरवर्डच्या जवळजवळ तिप्पट मतं, पण हाती काही नाही. 2017 मध्येही हेच घडलं होतं: गोवा फॉरवर्डला 3.5 टक्के मतांत तीन जागा आणि 'आप'ला 6.3 टक्के मतांत भोपळा. कारण उघड आहे. एकाची मतं एका ठिकाणी दाट होती, दुसऱ्याची राज्यभर पातळ पसरली होती. ही मोजणी दाट मताला बक्षीस देते आणि पसरलेल्या मताला शिक्षा करते. नोकऱ्या, जमिनी, खाणी, म्हादईचं पाणी, असा प्रश्न घेऊन जो पक्ष पेडण्यापासून काणकोणपर्यंत थोडी-थोडी माणसं जोडतो, तो मरतो. ज्याच्या हातात चार वाडे घट्ट आहेत, तो तरतो.

म्हणून 'दोन पक्षांची मक्तेदारी' हे शब्द आपल्याकडे मला थोडे सैल वाटतात. विधानसभेत सहा-सात पक्ष असतात, अपक्षही असतात. पण तुमच्या एका मतदारसंघात, निवडणुकीच्या शेवटच्या आठवड्यात, जिंकू शकणारी माणसं दोनच उरतात. "त्याला देऊन काय होणार, तो काही येत नाही" हे वाक्य घरोघरी फिरायला लागलं की तिसऱ्याचा खेळ संपतो. फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी 1951 मध्ये हेच मांडलं होतं: एका जागेवर सर्वाधिक मतांचा नियम लावला की लढत दोघांत आवळली जाते, एकदा मोजणीमुळे आणि पुन्हा मतदाराच्या धास्तीमुळे. अमेरिकेत ती दोन नावं देशभर तीच असतात, आपल्याकडे मतदारसंघागणिक बदलतात, एवढाच फरक.

तुमच्या मावसभावाचं दुखणं मात्र आपल्याहून मोठं आहे. 1992 मध्ये रॉस पेरो यांना देशभरातून जवळजवळ 19 टक्के मतं पडली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात त्यांना एकही मत मिळालं नाही, कारण बहुतेक राज्यांत पहिला येणारा त्या राज्याची सगळी मतं घेऊन जातो. 2000 मध्ये फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यात 537 मतांचा फरक होता आणि राल्फ नेडर यांना तिथं 97 हजारांवर मतं होती. तेव्हापासून तिकडच्या प्रत्येक तिसऱ्या उमेदवाराला नेडरचं नाव ऐकवतात, जसं तुम्हाला घरच्यांनी ऐकवलं.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण या प्रश्नाकडे मी ज्या नजरेने बघतो ती तिथून आली. आमचं घर मगोचं. 1963 च्या पहिल्या निवडणुकीत गोव्यात मगो आणि युनायटेड गोवन्स हेच दोन मोठे पक्ष म्हणून पुढे आले आणि दिल्लीत राज्य करणाऱ्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. त्या दोन पक्षांमागे खरा प्रश्न होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विधानसभेत बहुमत मगोचं, म्हणजे विलीनीकरणवाद्यांचं. ठराव तिथंच मंजूर करून घ्यावा, अशी आमच्या बाजूची इच्छा होती. युनायटेड गोवन्सचे जॅक द सिक्वेरा आणि त्यांच्या बाजूचे लोक अडून बसले की हा निर्णय आमदारांनी नाही, लोकांनीच करायचा. 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला, 1,38,170 मतं. दोन पानांना, म्हणजे वेगळं राहण्याला, 1,72,191. आम्ही 34,021 मतांनी हरलो.

माझे वडील हयातभर फुलाचेच राहिले. आमच्याकडे शिगम्याला चार माणसं जमली की ती हार पुन्हा निघायचीच. पण एक गोष्ट मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही: 'आपली मतं मोजली गेली नाहीत.' मोजली गेली होती. वाळपईचं फूल आणि मडगावचं पान, दोघांचं वजन एकच होतं. आणि लगेच दोन महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा 30 पैकी 16 जागा पुन्हा मगोलाच! तेच मतदार, तोच हिवाळा-उन्हाळा. एका मोजणीत आम्ही हरलो, दुसऱ्या मोजणीत राज्य आमचं. जागा आणि मतं ही दोन वेगळी खाती आहेत, हे मी पुढे नोकरीत शिकलो असं म्हणतात, पण खरं तर ते घरातच शिकलो.

या दोन खात्यांची फारकत अलीकडेही झाली. 2017 मध्ये भाजपला 32.5 टक्के मतं आणि 13 जागा मिळाल्या, काँग्रेसला 28.4 टक्के मतं आणि 17 जागा. मतं जास्त त्याच्या जागा कमी. मग सरकार झालं भाजपचं, मगो, गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांना सोबत घेऊन. 'सर्वांत मोठा पक्ष कोणता' या प्रश्नाला दोन उत्तरं असल्यामुळे दोन्ही बाजूंना आपापला कौल चोरीला गेल्यासारखा वाटला, आणि दोघांचंही म्हणणं अर्धं खरं होतं.

आता उपायाकडे येतो. आधी 'नोटा'. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालामुळे ते बटण आलं. विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखाल असलेला उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता नोटा पहिला आल्यास फेरनिवडणूक असा नियम केला, पण तो आपल्याकडच्या विधानसभेला लागू नाही. गोव्यात नोटा एक टक्क्याच्या आसपास घुटमळतो. तुमचा राग मी समजू शकतो, पण नोटाने तो कुणापर्यंत पोचत नाही.

उलट, तिसऱ्याला दिलेल्या मताचा कायद्यात एक ठोस उपयोग आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. राज्यात झालेल्या मतदानाच्या 6 टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा एकही आमदार नसला तरी 8 टक्के मतं मिळाली, की पक्षाला राज्य पक्षाची मान्यता मिळते. मान्यता म्हणजे राखीव चिन्ह. दर निवडणुकीला नवीन चिन्ह घेऊन वाड्यावाड्यावर समजावत फिरणं काय असतं, ते छोट्या पक्षाच्या कार्यकर्त्याला विचारा. 'आप'ला गोव्यात 6.77 टक्के आणि दोन जागा मिळाल्या, त्यामुळे दिल्ली, पंजाब आणि गुजरातबरोबर गोवाही त्यांच्या खात्यात जमा झाला, अशी चार राज्यं झाली आणि एप्रिल 2023 मध्ये तो राष्ट्रीय पक्ष झाला. गोव्यातल्या काही हजार मतांनी देशाच्या यादीत बदल केला. अनामत रकमेचंही तसंच: वैध मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर दहा हजार रुपये परत मिळतात, आणि पुढच्या वेळी माणूस उभा राहतो. म्हणजे तुमचं मत पूर्ण वाया गेलं नाही. पण हे समाधान पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

खरी दुरुस्ती मोजणीत करावी लागेल. दोन वाटा लोकांच्या ओठांवर असतात. पहिली यादीची: पक्षाला मत द्यायचं, टक्क्यांप्रमाणे जागा वाटायच्या. पोर्तुगाल आज तेच करतं. न्यूझीलंडने 1993 मध्ये सार्वमत घेऊन मिश्र पद्धत स्वीकारली. तिथं 1978 आणि 1981 अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मतं जास्त असलेला पक्ष विरोधात बसला होता, आणि 1981 मध्ये वीस टक्क्यांवर मतं मिळवणाऱ्या तिसऱ्या पक्षाला दोनच जागा मिळाल्या होत्या. लोकांना ते सहन झालं नाही. नेपाळनेही 165 थेट आणि 110 प्रमाणशीर अशी सांगड घातली आहे. आपल्याकडे 1999 मध्ये विधी आयोगाने आपल्या 170 व्या अहवालात थेट जागांना यादीच्या काही जागा जोडायचं सुचवलं होतं. ते कागदावर राहिलं.

पण यादी गोव्याला मानवेल असं मला वाटत नाही. आपण माणसाला मत देतो. लग्नाला येणारा, मयताला खांदा देणारा, दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत फोन करणारा माणूस आपल्याला लागतो. यात वाईट काही नाही, लहान राज्याचं ते सुखच आहे. पणजीत बसलेल्या चौघांनी बनवलेली बंद यादी गोवेकर स्वीकारणार नाही.

मला पटते ती दुसरी वाट, पसंतीक्रमाची. कायद्याच्या भाषेत एकल संक्रमणीय मत. नाव जड आहे, काम सोपं. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपले चाळीस आमदार हेच करतात: नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहितात. राज्यसभेची निवडणूकही याच पद्धतीने होते. जी पद्धत आमदारांना स्वतःच्या मतासाठी योग्य वाटते, ती त्यांना निवडणाऱ्यांना का नको, हा प्रश्न मी प्रशिक्षणाच्या वर्गात मनात दाबून ठेवायचो. आता उघड विचारतो.

फोंडा तालुक्यावर ती लावून बघू. चार मतदारसंघांऐवजी तालुक्याचा एकच मतदारसंघ, चार आमदारांचा. समजा लाख वैध मतं पडली. निवडून यायला किती लागतील? एक लाखाला पाचाने भागा, त्यात एक मिळवा: 20,001. एवढी मतं चौघांनाच मिळू शकतात, पाचव्याला नाही. तुम्ही तुमच्या आवडत्या उमेदवारापुढे 1 लिहिता, त्याच्या खालोखाल पटणाऱ्यापुढे 2. तुमचा उमेदवार सगळ्यांत मागे पडला तर त्याचे कागद बाजूला टाकत नाहीत, ज्याच्यापुढे 2 लिहिलं आहे त्याच्या गठ्ठ्यात ठेवतात. आणि एखाद्याला 20,001 पेक्षा जास्त पडली, तर वरची मतं त्याच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीकडे ठरलेल्या प्रमाणात जातात. कुणाचंही मत "तो येत नाही" म्हणून मरत नाही. पाचवा हिस्सा लोक ज्याच्या मागे उभे आहेत तो निवडून येतोच, मग ते पाचवा हिस्सा लोक एका वाड्यात राहोत की बांदोड्यापासून बोरीपर्यंत विखुरलेले असोत. 77 मतांनी सगळं उलटंपालटं होण्याचा प्रकारही थांबतो: 2022 सारखं मतदान झालं तर भाजप आणि मगो यांच्यात तीन-एक होणं अवघड. आणि एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांतही मतदाराला निवड राहते, जी आज तिकीटवाटपाच्या खोलीत संपते.

गोव्यात हे मापात बसतं. सासष्टीत आठ मतदारसंघ, बार्देशात सात, तिसवाडीत पाच, फोंड्यात आणि मुरगावात प्रत्येकी चार. सासष्टी आणि बार्देशाचे दोन-दोन भाग करावे लागतील, दक्षिणेकडचे सांगे, केपे, काणकोण जोडावे लागतील. जिथं एकच जागा ठेवावी लागेल तिथंही पसंतीक्रम चालतोच. अमेरिकेत मेन राज्याने 2018 पासून तेच सुरू केलं आहे आणि अलास्कानेही 2022 मध्ये.

हरकती मला माहीत आहेत, आणि सगळ्यांत वजनदार हरकत बाबासाहेब आंबेडकरांची आहे. जानेवारी 1949 मध्ये संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली तेव्हा त्यांनी दोन कारणं देऊन विरोध केला: आकडे लिहिण्याएवढं साक्षर लोक देशात नाहीत, आणि विधिमंडळाचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही. त्या दिवशी ते बरोबर होते. पण 2011 च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता 88.7 टक्के आहे. आणि स्थिर सरकार? सर्वाधिक मतांच्या याच पद्धतीत 1990 ते 2000 या काळात गोव्याचं मुख्यमंत्रिपद दहाहून अधिक वेळा हललं. मी त्या दशकात शपथविधीच्या बंदोबस्ताच्या इतक्या याद्या टंकलिखित करून घेतल्या की कोणती कोणाची ते आठवत नाही. स्थैर्यासाठी आपण लोकांच्या मतांचा प्रामाणिक हिशेब सोडून दिला आणि स्थैर्यही मिळालं नाही.

दुसरी हरकत यंत्राची. आजच्या मतदान यंत्रावर एकच बटण दाबता येतं, क्रम लिहिता येत नाही. खरं आहे, नवं यंत्र किंवा कागद लागेल. पण 1999 मध्ये एका संपूर्ण राज्याची विधानसभा यंत्रांवर निवडली गेली ती गोव्याचीच, आणि 2017 मध्ये चाळीसही मतदारसंघांत चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट लागलं तेही इथंच. लहान राज्य, जवळजवळचे तालुके, सरावलेले कर्मचारी. नवीन गोष्ट आधी गोव्यात करून बघायची, ही आयोगाचीच रीत आहे.

कायदा कुठं अडतो? लोक समजतात त्याहून कमी ठिकाणी. संविधानाच्या अनुच्छेद 170 मध्ये विधानसभेचे सदस्य प्रादेशिक मतदारसंघांतून थेट निवडणुकीने येतील असं आहे, आणि मतदारसंघाची लोकसंख्या आणि 'त्याला वाटून दिलेल्या जागांची संख्या' यांचं प्रमाण राखायला सांगितलं आहे. म्हणजे एका मतदारसंघात एकाहून अधिक जागा असू शकतात हे संविधानाने गृहीतच धरलं आहे. 1952 आणि 1957 मध्ये देशात द्विसदस्य मतदारसंघ होतेही. ते 1961 मध्ये साध्या कायद्याने बंद झाले, साध्या कायद्याने परत येऊ शकतात. तो कायदा मात्र संसदेच्या हातात आहे, पर्वरीच्या, म्हणजे गोवा विधानसभेच्या, नाही, आणि आजच्या पद्धतीवर निवडून आलेले खासदार तो उत्साहाने हातात घेतील असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

पण पालिकांचा कायदा पर्वरीच्या हातात आहे. गोव्यात तेरा पालिका आणि पणजीची महानगरपालिका. तिथं प्रभाग कसे पाडायचे, मत कसं द्यायचं, हे राज्याच्या कायद्याने ठरतं. फोंडा पालिकेचे पंधरा प्रभाग घ्या, त्यांचे पाच-पाच जागांचे तीन प्रभाग करा, पसंतीक्रम लावा. आज हजारभर मतदारांच्या प्रभागात पाच-दहा मतांवर नगरसेवक ठरतो आणि पाच वर्षं त्या गल्लीत कोण कुणाला बोलत नाही. मोठ्या प्रभागात ते विष कमी होईल. आणखी एक फायदा मी नोकरीत जवळून पाहिलेल्या दुखण्यावर आहे: आरक्षणाची फिरती. पाच वर्षं राबलेल्या माणसाचा प्रभाग ऐनवेळी राखीव होतो, मग न्यायालय. 2021 मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पाच जागांच्या प्रत्येक प्रभागात ठरावीक जागा महिलांच्या, असा नियम मोजणीतच बसवता आला तर कुणाचा प्रभाग कधी राखीव होणार, हा वादच उरणार नाही.

एक सावधगिरीही सांगतो, नाहीतर तुम्ही मला पुढे दोष द्याल. माल्टा आपल्याहून लहान देश, तिथं शंभर वर्षांपासून पसंतीक्रमाची पद्धत, एका मतदारसंघात पाच जागा. तरी तिथं दशकानुदशकं दोनच पक्षांचं राज्य आहे, कारण घराणी आणि चर्चचा जुना वाद यांनी माणसं आधीच दोन बाजूंना वाटली गेली. आयर्लंडमध्ये तीच पद्धत अनेक पक्षांना जागा देते, आणि ती काढून टाकायचा प्रस्ताव तिथल्या लोकांनी 1959 आणि 1968 अशा दोन सार्वमतांत फेटाळला. पद्धत दार उघडते. आत कोण येतं, ते लोकांवर.

आणि एक जखम अशी आहे जी कुठलीच मतदान पद्धत भरून काढणार नाही. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे पंधरांपैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही म्हणून देवळात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात शपथ घेतली, आणि सप्टेंबरात अकरांपैकी आठ गेले. मगो 2022 मध्ये तृणमूलशी युती करून भाजपविरुद्ध लढला आणि निकालानंतर भाजपच्या सरकारात बसला. फोंडा-प्रियोळात 77 आणि 213 वर ज्यांनी श्वास रोखून धरले होते, त्यांना शेवटी दोन्ही बाजू एकाच बाकावर दिसल्या! हे मतदाराच्या मनाला किती लागतं, ते मोजणीच्या कुठल्या तक्त्यात येत नाही. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीतली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातली, दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची सवलत काढून टाकणं आणि पक्ष सोडणाऱ्याने राजीनामा देऊन पुन्हा लोकांसमोर जाणं, हाच त्यावर इलाज. 2017 मध्ये विश्वजित राणे यांनी काँग्रेसची आमदारकी सोडली आणि वाळपईची पोटनिवडणूक भाजपकडून लढवून जिंकली. त्यांचा निर्णय कुणाला आवडो न आवडो, रीत ती बरोबर होती. चाळीसांच्या सभागृहात एकवीसचं बहुमत, म्हणजे आठ-दहा माणसं फुटली की राज्याचा कौल बदलतो. इथं हा नियम मोठ्या राज्यांहून जास्त गरजेचा आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नोटा दाबू नका. 2027 मध्ये तुमच्या मतदारसंघात खरोखर चुरस असेल आणि दोघांतला एक तुम्हाला मुळीच नको असेल, तर दुसऱ्याला मत देण्यात कमीपणा नाही, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. चुरस नसेल तर मनातल्या उमेदवाराला द्या, आणि घरच्यांना 8 टक्क्यांचा नियम दाखवा. चुरस आहे की नाही हे भिंतीवरच्या फलकांवरून ठरवू नका. निवडणुकीनंतर प्रत्येक मतदारसंघाचा 'फॉर्म 20' प्रसिद्ध होतो, त्यात केंद्रागणिक कुणाला किती मतं ते असतं. मागच्या निवडणुकीचा तुमच्या मतदारसंघाचा काढा, तुमच्या केंद्राची ओळ शोधा.

ती ओळ बघताना एक गोष्ट ध्यानात येईल: आपल्याकडे एका केंद्रावर काही शे मतदार असतात, त्यामुळे कोणत्या वाड्याने आमदाराला मत दिलं नाही ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळतं. रस्त्याचं डांबर कुठं थांबतं ते मग त्यावर ठरतं. अनेक केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजणारं यंत्र वापरावं, अशी निवडणूक आयोगाची 2008 पासूनची मागणी आहे, आणि विधी आयोगानेही 2015 मध्ये तिला पाठिंबा दिला. गुप्त मतदान खऱ्या अर्थाने गुप्त व्हायचं असेल तर गोव्याला ते सगळ्यांत आधी हवं.

पालिका कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा मी दोन पानांत लिहून ठेवला आहे: बहुसदस्य प्रभाग, पसंतीक्रम, महिलांच्या जागा आणि मोजणीचे टप्पे. तुमच्या तालुक्यातून चार आमदार निवडून जातात. फोंडा पालिकेच्या हद्दीतल्या पन्नास मतदारांच्या सह्या मिळाल्या तर चौघांनाही एकाच दिवशी देऊ. सह्यांचा कागद तुम्ही करा, मोजणीवर त्यांनी काही विचारलं तर उत्तर द्यायला मी सोबत येतो.